अभ्यासक्रम-मंजुरी (महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे)

पदवीच्या विषयात काय शिकवायचे, किती तास शिकवायचे आणि परीक्षा कशी घ्यायची हे ठरवून त्याला अधिकृत रूप देण्याची प्रक्रिया. ती महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चालते. प्रस्ताव अभ्यास मंडळाकडून विद्याशाखेकडे (संबंधित विषयांच्या गटाची सभा) आणि तिथून विद्यापरिषदेकडे (विद्यापीठाची मुख्य शैक्षणिक सभा) जातो.

अभ्यास मंडळ विषयवार असते. मराठीचे वेगळे, रसायनशास्त्राचे वेगळे. त्यात विद्यापीठ विभागाचे प्रमुख, संलग्न महाविद्यालयांतले निवडून आलेले व नामनिर्देशित शिक्षक आणि बाहेरून घेतलेले सहयोजित सदस्य असतात. मजकूर घडतो तो इथेच. बहुतेक मंडळे प्रत्येक पेपरासाठी दोन-तीन जणांची उपसमिती नेमतात आणि तिने आणलेला मसुदा सभेत घटकवार वाचतात. वाचनाला वेळ देणारे मंडळ पुढच्या सर्वांचे श्रम वाचवते.

मसुद्यात सर्वाधिक चुका होतात त्या श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) हिशेबात. लेखी विषयाच्या एका श्रेयांकाला सत्रभरात १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास. म्हणजे दोन श्रेयांकांच्या पेपराला ३० तास मिळतात. उपसमितीने चार घटकांपुढे ८, ८, ८ आणि १० असे आकडे घातले, तर बेरीज ३४ येते. चार तास जास्त म्हणजे किरकोळ, असे सभेत वाटते. पण वर्गात शेवटचा घटक अर्धवट राहतो आणि प्रश्नपत्रिकेत मात्र त्याला पूर्ण गुण असतात. राज्याच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीच्या प्रत्येक सत्राला २० ते २२ श्रेयांकांची चौकट घातली आहे. त्यामुळे नवा पेपर घालायचा तर जुना कोणता काढायचा, हेही त्याच ठरावात लिहावे लागते. शिक्षकांचा कार्यभार त्यावर अवलंबून असल्याने मंडळातले खरे वाद इथेच होतात.

विद्याशाखा चार आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) अध्यक्षतेखालील विद्याशाखेच्या सभेने मुख्यतः दुहेरीपणा शोधावा. एकच संख्याशास्त्र दोन मंडळांनी दोन नावांनी शिकवायला घेतले, तर ते इथेच दिसू शकते.

विद्यापरिषदेचे अध्यक्ष कुलगुरू असतात. एका सभेपुढे इतके अभ्यासक्रम येतात की पानोपानी वाचन होत नाही. विद्याशाखेची शिफारस पाहून ठराव होतो. ‘आवश्यक त्या दुरुस्त्यांसह मंजूर’ हे शब्द इतिवृत्तात टाळलेले बरे. कोणती दुरुस्ती, कोणी आणि कधीपर्यंत करायची हे लिहिले नसेल, तर मूळ चुकीचा मसुदाच परिपत्रकाबरोबर महाविद्यालयांत पोहोचतो. कार्यपत्रिकेत नसलेला अभ्यासक्रम ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून आणल्यावरही हेच घडते, कारण सदस्यांच्या हाती कागद त्याच क्षणी पडतो.

सभा लांबली आणि सत्र तोंडावर आले, की कुलगुरू कलम १२(७) मधील तातडीचे अधिकार वापरून मंजुरी देतात आणि विषय नंतर त्या त्या प्राधिकरणापुढे (मंडळ, विद्याशाखा किंवा विद्यापरिषद) ठेवला जातो. ही सोय अडचणीसाठी आहे. तिचीच सवय लागली, तर प्राधिकरणाची चर्चा सुरू होते तेव्हा पुस्तके छापून वर्ग भरलेले असतात.

स्वायत्त महाविद्यालयांची स्वतःची अभ्यास मंडळे व विद्यापरिषद असते. पदवी मात्र विद्यापीठाचीच. त्यांच्या प्रत्येक अभ्यास मंडळावर कुलगुरूंनी नेमलेला एक तज्ज्ञ बसतो. प्राचार्यांनी सुचवलेल्या सहा नावांतून त्याची निवड होते.

प्रस्तावासोबत समकक्षता तक्ता जोडायचा बहुधा राहून जातो. जुन्या अभ्यासक्रमातला कोणता पेपर नव्यातल्या कोणत्या पेपराबरोबरीचा, हे त्यात पेपर-संकेतांकासह दिलेले असते. जुन्या पेपरात अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी परीक्षा अर्ज भरायला बसतो, तेव्हा तक्ता नसेल तर त्याला निवडायला संकेतांकच सापडत नाही. मग परीक्षा विभाग मंडळाला पत्र लिहितो, मंडळाची पुढची सभा महिन्याभराने असते आणि अर्जाची मुदत त्याआधीच संपते.