उद्यान व क्रीडांगणांसाठी आरक्षित जमिनींचे संपादन (महाराष्ट्र)

शहराच्या विकास आराखड्यात उद्यान, क्रीडांगण किंवा मोकळी जागा म्हणून राखून ठेवलेली खासगी जमीन सार्वजनिक निधीतून वा विकास हक्कांच्या मोबदल्यात महापालिकेच्या वा नगरपरिषदेच्या मालकीची करण्याची प्रक्रिया. तिचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 हा आहे. कलम 22 प्रमाणे आराखड्यात अशा जागा दाखवल्या जातात; मात्र नकाशावर हिरवा रंग दिल्याने जमीन संस्थेच्या नावावर होत नाही. ती मूळ मालकाचीच राहते, फक्त त्याला तिथे आरक्षणाविरुद्ध बांधकाम करता येत नाही. केंद्राच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई 10 ते 12 चौ.मी. मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. दाट शहरांत हे प्रमाण गाठायचे तर ही आरक्षणे खरोखर ताब्यात येणे गरजेचे असते.

जमीन मिळवण्याचे तीन मार्ग कलम 126 मध्ये दिले आहेत: मालकाशी वाटाघाट करून ठरलेली रक्कम देणे, रकमेऐवजी चटई क्षेत्र (जास्तीच्या बांधकामाची परवानगी) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता वा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देणे, आणि राज्य शासनाकडे अर्ज करून सक्तीने भूसंपादन करणे.

सक्तीच्या संपादनाची भरपाई 2013 च्या भूसंपादन कायद्याने ठरते. वार्षिक मूल्यदर तक्त्यातील (रेडीरेकनर) दर आणि आसपासच्या मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांतील वरच्या निम्म्या किमतींची सरासरी यांपैकी जो अधिक तो धरतात. या दराला लावायचा गुणक शहरी भागात 1 असतो, म्हणजे दर वाढत नाही. त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई) आणि बाजारमूल्यावर वार्षिक 12 टक्के वाढ मिळते. उदाहरणादाखल 4,000 चौ.मी.चा भूखंड आणि चौ.मी.ला 30,000 रुपये दर घेतला, तर बाजारमूल्य 12 कोटी, दिलासा 12 कोटी आणि एका वर्षाची वाढ 1.44 कोटी, असे 25.44 कोटी रुपये होतात. झाडे, विहीर, बांधकाम असल्यास त्यांची किंमत वेगळी. आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात संपादनाची घोषणा झाली नाही, तर पुढे नव्याने घोषणा करता येते, पण बाजारमूल्य त्या नव्या घोषणेच्या तारखेचे धरावे लागते. थोडक्यात, दिरंगाईचे पैसे नागरिकांच्या करातून जातात.

टीडीआरमध्ये रोख रक्कम लागत नाही, म्हणून पालिका त्याकडे आधी वळतात. मुंबई वगळता बहुतेक शहरांना लागू असलेल्या 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीच्या क्षेत्रात दिलेल्या जमिनीच्या तिप्पट आणि त्याबाहेर दुप्पट हक्क मिळतो. वरच्या उदाहरणातील भूखंड दाट वस्तीबाहेर असेल तर 8,000 चौ.मी. हक्क निर्माण होतो. पण तो 60,000 रुपये दराच्या भागात वापरला, तर दोन्ही जागांच्या मूल्यदरांच्या प्रमाणात घटून 4,000 चौ.मी. उरतो. जमीन बोजाविरहित, सपाट केलेली, मालकाच्या खर्चाने साधारण दीड मीटर उंचीची कुंपणभिंत आणि फाटक घालून द्यावी लागते. ही अट अंगावर आली की पुष्कळ मालक मागे सरतात. बाजारात टीडीआरचा भाव पडलेला असेल, तर ते रोख भरपाईवर अडून बसतात. हक्क अपुरा वाटला तरी असेच घडते: पुण्यात समाविष्ट गावांच्या टेकड्यांवरील जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणासाठी अवघा 8 टक्के टीडीआर ठरला आणि जागामालकांचा विरोध कायम राहिला.

या विषयाचा गाभा कलम 127 मध्ये आहे. अंतिम आराखडा अमलात येऊन 10 वर्षे झाली आणि जमीन संपादित झाली नाही, तर मालक हक्काच्या कागदपत्रांसह खरेदी सूचना (जमीन विकत घ्या, अशी नोटीस) पालिकेवर बजावू शकतो. त्यानंतर पालिकेला मिळणारी मुदत मूळ कायद्यात सहा महिने होती. 2009 मध्ये ती बारा आणि 2015 मध्ये चोवीस महिने झाली. तेवढ्यात संपादन वा त्याची कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत (आपोआप रद्द) होते आणि जागेचा वापर लगतच्या जमिनीला परवानगी असलेल्या वापरासारखा होतो. सर्वसाधारण सभेचा ठराव करून शासनाकडे प्रस्ताव पाठवला म्हणजे कार्यवाही सुरू झाली, असा समज अनेक नगरपरिषदांत होता. गिरनार ट्रेडर्स खटल्यात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने तो खोडून काढला: नुसता ठराव आणि पत्रव्यवहार पुरेसा नाही, संपादनाची वैधानिक घोषणा व्हायला हवी.

म्हणूनच सूचना हातात पडल्यावर धावपळ करून भागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून संयुक्त मोजणी, सातबारा वा मिळकत पत्रिका व फेरफार तपासणी, कूळ आणि भोगवटादार वर्ग-2 (शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी जमीन) यांचे निर्बंध, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव आणि भूसंपादनासाठी रक्कम जमा करणे, घोषणा, निवाडा (भरपाई ठरवणारा आदेश), ताबा पावती आणि शेवटी पालिकेच्या नावाचा फेरफार, या क्रमात चोवीस महिने सहज संपतात. सर्वाधिक वेळ मोजणीत आणि वारसांच्या वादात जातो. पैसा तर त्याहून आधी अडतो: अर्थसंकल्पात ‘भूसंपादन’ शीर्षाखाली ठेवलेली तरतूद रस्त्यांच्या कामांना आधी वापरली जाते आणि मैदानाच्या फाइलला ‘तरतूद उपलब्ध नाही’ असा शेरा मिळतो. दहा वर्षे पूर्ण होणाऱ्या आरक्षणांची तारीखवार यादी ठेवून दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्यांचा खर्च धरणे, हाच खात्रीचा उपाय.

केंद्राच्या योजनांचा येथे फारसा आधार नाही. 2015 च्या अमृत अभियानात हिरव्या जागा आणि उद्यानांसाठी वार्षिक वाटपाच्या कमाल 2.5 टक्के निधी होता, परंतु जमीनखरेदीचा खर्च त्यात मान्य नव्हता. खेळणी, पदपथ, हिरवळ यांना पैसा मिळे. ज्या जमिनीवर ते करायचे, ती पालिकेने स्वतः मिळवायची. मोठ्या रेखांकनांतील (भूखंड पाडलेल्या वसाहतींतील) 10 टक्के मनोरंजन मोकळी जागा विनाखर्च राहते खरी, पण ती त्या वसाहतीची असते आणि शहराच्या मैदानाची जागा घेऊ शकत नाही.

ताब्यानंतरही धोका टळत नाही. आरक्षणाचा केवळ काही भाग घेतला तर उरलेल्या तुकड्यांतून मैदान जमत नाही. पोचरस्ता संपादनात धरला नसेल तर जागा बंदिस्त राहते. कुंपण व फलक लागण्याआधीच झोपड्या किंवा गोदामे उभी राहिली, तर हटवण्याचा आणि पुनर्वसनाचा खर्च नव्याने सोसावा लागतो. त्यामुळे ताबा पावतीच्याच दिवशी सीमा दगड रोवणे, कुंपणाची निविदा आधी काढून ठेवणे आणि सातबारा पालिकेच्या नावे होईपर्यंत फाइल बंद न करणे, ही काळजी अनुभवी मालमत्ता विभाग घेतात.