विंडो प्रणाली, कॉम्प्युटरक्राफ्टमधील

माइनक्राफ्ट या खेळाच्या कॉम्प्युटरक्राफ्ट या मॉडमध्ये (खेळात भर घालणाऱ्या पूरक प्रोग्रॅममध्ये) जे संगणक मिळतात, त्यांच्यावर लुआ भाषेत लिहिलेली, एकाच पडद्यावर अनेक चौकटींत अनेक प्रोग्रॅम चालवणारी हौशी ऑपरेटिंग सिस्टिम. खेळातील संगणकात क्राफ्टओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम मुळातच असते आणि ती केवळ-वाचनीय रॉममध्ये असल्याने पुसता येत नाही. हौशी प्रणाली तिच्यावर, स्टार्टअप.लुआ या फाइलमधून सुरू होते. काटेकोरपणे पाहता ती विंडो मॅनेजर (चौकटी सांभाळणारा प्रोग्रॅम) आणि शेल (आदेश घेऊन इतर प्रोग्रॅम सुरू करणारा प्रोग्रॅम) यांची जोडगोळीच होय. तरीही करणारे व वापरणारे तिला सर्रास ‘ओएस’ म्हणतात.

उगम : डॅनियल रॅटक्लिफ यांनी कॉम्प्युटरक्राफ्ट डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केले. पहिली विंडो प्रणाली कोणती, याविषयी एकमत नाही, कारण विंडो कशाला म्हणायचे यावरच मतभेद आहेत. रंगीत पडदा व माउस असलेला प्रगत संगणक १.४५ या आवृत्तीत, बहुधा २०१२च्या अखेरीस आला. त्याआधीच्या प्रणालींत रेघांच्या चौकटी आणि बाणांनी चालणारे मेनू होते, पण एका वेळी बहुधा एकच प्रोग्रॅम चाले. माउस हा निकष मानणारे २०१३च्या सुमाराच्या वनओएससारख्या प्रणालींपासून सुरुवात धरतात. दुसऱ्या मतानुसार १.६ आवृत्तीत (२०१४) विंडो एपीआय (विंडो बनवणाऱ्या तयार फंक्शनांचा संच) अधिकृतपणे मिळाला, तेव्हाच हा प्रकार खऱ्या अर्थाने अस्तित्वात आला. हे दुसरे मत मान्य करणे अवघड आहे. टर्म.रिडायरेक्ट या फंक्शनने आउटपुट दुसरीकडे वळवण्याची सोय मॉनिटरसाठी (संगणकाला जोडायच्या वेगळ्या पडद्यासाठी) आधीपासूनच होती आणि तिच्या आधारे स्वतःचे बफर (चित्र तात्पुरते साठवण्याची जागा) लिहिणाऱ्यांनी विंडो आधीच उभ्या केल्या होत्या. प्रत्येक प्रोग्रॅम स्वतंत्र कोरूटीनमध्ये (मध्येच थांबून नंतर तिथूनच पुढे चालणाऱ्या कामात) चालतो की नाही, हा निकष अधिक उपयोगी ठरतो. त्या निकषाने १.६मध्येच आलेले मल्टिशेल अर्ध्या वाटेवर आहे : प्रोग्रॅम अनेक, पण दिसतो एकच टॅब.

रॅटक्लिफ यांनी २०१७ मध्ये मूळ कोड खुला केला. आज वापरात आहे ती मुख्यतः त्यातून निघालेली सीसी : ट्वीक्ड ही शाखा.

पडदा व रेखाटन : संगणकाचा पडदा ५१ × १९ घरांचा, खिशातल्या संगणकाचा २६ × २०, टर्टल या यंत्रमानवाचा ३९ × १३. माउसचे इव्हेंट (घडलेल्या गोष्टीच्या सूचना) केवळ प्रगत संगणकावर मिळतात. तो बनवायला सोन्याच्या ७ विटा, १ रेडस्टोन आणि काचेचे १ तावदान लागते. एका घरात एक अक्षर, १६ पैकी एक अक्षररंग आणि एक पार्श्वरंग मावतो.

विंडो.क्रिएटने मिळणारी विंडो आपला मजकूर जपून ठेवते, पण कोण कोणाच्या वर आहे हे तिला ठाऊक नसते. मागच्या विंडोतल्या प्रोग्रॅमने काही छापले, की ते पुढच्या विंडोवर उमटते. म्हणून सर्व विंडो अदृश्य ठेवून खालून वर एका सामायिक बफरमध्ये रचाव्या लागतात. या बफरमध्ये दर ओळीला तीन पट्ट्या असतात : अक्षरे, अक्षररंग, पार्श्वरंग. टर्म.ब्लिट हे फंक्शन या तिन्ही एकदम घेते आणि त्यांची लांबी सारखी नसेल तर त्रुटी देते. आधीच्या चित्राशी ओळ ताडून बदललेली तेवढीच पाठवावी. पडद्यातील बदल खेळाच्या टिकागणिक, म्हणजे सेकंदाला २० वेळाच खेळाडूपर्यंत पोहोचतात. त्याहून जलद रंगवणे वाया जाते. शेवटी कर्सर फोकस असलेल्या, म्हणजे सध्या वापरात असलेल्या विंडोत परत न्यावा लागतो, नाहीतर तो भलतीकडेच लुकलुकतो.

बारीक चित्रांसाठी १२८ ते १५९ या क्रमांकांची चिन्हे आहेत. त्यांत एका घराचे २ × ३ ठिपके होतात, म्हणजे पडदा १०२ × ५७ ठिपक्यांचा बनतो. वरच्या डाव्या ठिपक्याचे मूल्य १, उजव्याचे २, मधल्या दोघांचे ४ व ८, खालच्या डाव्याचे १६. पेटवायच्या ठिपक्यांची बेरीज १२८मध्ये मिळवली, की चिन्हाचा क्रमांक येतो. सहाव्या, म्हणजे खालच्या उजव्या ठिपक्यासाठी चिन्हच नाही. तो पेटवायचा असेल तर बाकीचे पाच उलटवून दोन्ही रंगांची अदलाबदल करतात. केवळ तोच हवा असेल तर रंग उलटे करून १५९ छापावे.

इव्हेंटचे वाटप : प्रणाली टिकते की कोसळते ते इथे ठरते. मुख्य लूपने ओएस.पुलइव्हेंटरॉनेच इव्हेंट घ्यावा; साधे पुलइव्हेंट वापरल्यास कंट्रोल-टी दाबून धरताच एका प्रोग्रॅमऐवजी सगळी प्रणाली बंद पडते. कोरूटीन थांबताना ज्या नावाचा इव्हेंट मागते, ते नाव फिल्टर म्हणून जपायचे आणि तोच इव्हेंट आला तर तिला जागे करायचे. अपवाद टर्मिनेटचा, म्हणजे कंट्रोल-टीने येणाऱ्या थांबवण्याच्या इव्हेंटचा, तो फिल्टर न पाहता द्यावा. जागे करण्याआधी आउटपुट तिच्या विंडोकडे वळवायचे आणि ती थांबल्यावर टर्म.करंट (आउटपुट सध्या जिथे वळलेले आहे ती जागा) पुन्हा नोंदवायचे. ही नोंद राहिली, तर स्वतःच आउटपुट वळवणारा प्रोग्रॅम पुढच्या फेरीत चुकीच्या जागी छापू लागतो.

कळफलक व माउस फक्त फोकस असलेल्या विंडोला. टायमर, मोडेम व इतर इव्हेंट सर्वांना. माउसचे निर्देशांक विंडोच्या मापात आणावे लागतात. विंडोचा मजकूर दहाव्या स्तंभात, पाचव्या ओळीत सुरू होत असेल, तर पडद्यावरील (१७, ९) हा क्लिक प्रोग्रॅमला (८, ५) म्हणून द्यायचा. ओढण्याचे इव्हेंट, बाण कुठेही गेला तरी, क्लिक जिथे झाला त्याच विंडोला द्यावेत.

नेहमीचे दोष : कळ दाबली की आधी ‘की’ आणि मग ‘चार’ असे दोन इव्हेंट येतात. ‘की’वरच नवी विंडो उघडली, तर मागून आलेले अक्षर तिच्यात टाइप होते, फोकस ‘की-अप’वर बदलल्यास हे टळते. मुख्य लूपमध्ये स्लीप (ठरावीक वेळ थांबणारे फंक्शन) वापरल्यास मधले क्लिक हरवतात, कारण टायमरची वाट पाहताना ते बाकीचे इव्हेंट टाकून देते. रांगेत २५६ इव्हेंटच मावतात, पुढचे गळतात. कोरूटीन आपणहून थांबेपर्यंत इतरांना पाळी मिळत नाही. सीसी : ट्वीक्डमध्ये सुमारे ७ सेकंद कोणी थांबलेच नाही, तर ‘टू लाँग विदाउट यील्डिंग’ ही त्रुटी येते. प्रोग्रॅम थेट ओएस.रनने चालवला तर त्याला ‘शेल’ सापडत नाही, कारण शेल हा जागतिक (सगळीकडून वापरता येणारा) चल नाही. विंडोत आधी रॉममधला शेल चालवून त्याच्याकडून प्रोग्रॅम सुरू करून घेणे हा सोपा मार्ग. डिस्कची मर्यादा मुळात १०,००,००० बाइट असते. पार्श्वचित्रे व फाँट यांनी ती लवकर भरते.

मॉनिटरवर केवळ स्पर्शाचा इव्हेंट मिळतो. ओढणे नाही, बटणांत फरक नाही. त्यामुळे विंडो हलवण्यासाठी शीर्षकपट्टीला एकदा व नव्या जागी एकदा स्पर्श, अशी सोय करतात.

देवनागरी : पडद्याच्या फाँटमध्ये २५६ चिन्हे असून देवनागरी त्यांत नाही. मराठी मजकूर ठिपक्यांनीच रेखाटावा लागतो. ८ × ९ ठिपक्यांच्या अक्षराला ४ × ३ घरे लागतात, म्हणजे ओळीत १२ अक्षरे. काना-मात्रा धरता त्याहून कमी.

तत्सम प्रकार : २०१३ मध्ये आलेल्या ओपनकॉम्प्युटर्स या मॉडमध्ये तिसऱ्या श्रेणीचा पडदा १६० × ५० घरांचा आहे. मात्र ग्राफिक्स कार्डाला दर टिकेत करता येणारे काम मोजके असल्याने तेथे रंगवण्याचे आदेश रंगवार गटांत द्यावे लागतात. माइनओएस ही तेथील सर्वपरिचित विंडो प्रणाली. २०१२ मध्ये जाहीर होऊन पुढे सोडून दिलेल्या ०एक्स१०सी या खेळाच्या काल्पनिक डीसीपीयू-१६ प्रक्रियकासाठीही हौशींनी प्रणाली लिहिल्या होत्या; त्याचा पडदा अवघा ३२ × १२ अक्षरांचा होता.