1938 चा सत्याग्रह का थांबला? स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणींची पार्श्वभूमी

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं हिप्परगा, मोमिनाबादची (आजच्या अंबाजोगाईची) शाळा, संन्यास हे मराठवाड्यात सर्वांना पाठ आहे. स्वामीजींच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक 1967 साली आलं. ते वाचताना अडतं 1938 च्या अखेरीशी. घटना आणि पुस्तक यांत एकोणतीस वर्षं गेली. लिहिताना पुढचं सगळं ठाऊक होतं, म्हणून त्या वेळच्या तारखा शेजारी मांडून वाचावं.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात सभा घ्यायची तर गश्ती निशान 53 या सरकारी हुकुमाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. म्हणून राजकीय काम महाराष्ट्र परिषदेच्या नावाने चाले. पहिलं अधिवेशन 1937 साली परतूरला झालं. पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेस ही राजकीय संघटना काढायचं ठरलं, तर रीतसर स्थापनेआधीच, सप्टेंबर 1938 मध्ये, तिच्यावर बंदी आली. 24 ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. तुकडीने रस्त्यावर यायचं, आपण बंदी घातलेल्या संस्थेचे आहोत असं जाहीर करायचं आणि अटक करून घ्यायची. स्वामीजी पहिल्या दिवसांतच तुरुंगात गेले.

24 डिसेंबरला गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह थांबवला गेला. त्याच सुमारास आर्य समाज, हिंदू महासभा या धार्मिक संघटनांचा वेगळा सत्याग्रह जोरात होता. दोन्ही एकच आहेत असं सरकार म्हणत होतं, आणि तो शिक्का पुसायचा तर बाजूला होणं भाग होतं, अशी त्यामागची मांडणी. ती खोटी नव्हती. पण किंमत जबर पडली. नोव्हेंबरात वंदे मातरम् म्हटल्याबद्दल औरंगाबाद आणि हैदराबादची पोरं कॉलेजातून काढली गेली होती, त्यांना नागपूर गाठावं लागलं. गावोगावी हवा तापलेली असताना माघार आली आणि बदल्यात सरकारने काहीच सोडलं नाही. उलट संस्थेचं नावच बदला, असा आग्रह धरला. धार्मिक संघटनांचा लढा मात्र 1939 च्या ऑगस्टपर्यंत चालला. स्वामीजींना 1940 साली वैयक्तिक सत्याग्रहासाठी पुन्हा तुरुंगात जावं लागलं. बंदी उठली ती थेट जुलै 1946 मध्ये.

त्यानंतरची घाई समजायची तर ही आठ वर्षं ध्यानात घ्यावी लागतात. 7 ऑगस्ट 1947 ला भारतात सामील व्हा म्हणून दिवस पाळला गेला, स्वामीजींना पुन्हा अटक झाली, सरहद्दीवर लढ्याचे कॅम्प उभे राहिले, 30 जानेवारी 1948 ला लढ्याच्या निधीसाठी उमरीची बँक लुटली गेली. सप्टेंबरात संस्थान विलीन झालं. संस्थानाचे भाषावार तुकडे व्हावेत ही स्वामीजींची मागणी पुरी व्हायला मात्र 1 नोव्हेंबर 1956 उजाडला.