जुन्या संगणक खेळांची रिझोल्यूशन-जुळवणी

संगणकाच्या पडद्यावरील चित्र आडव्या व उभ्या दिशेत किती चित्रबिंदूंचे (पिक्सेलचे) बनलेले आहे, हे सांगणाऱ्या संख्यांच्या जोडीला रिझोल्यूशन किंवा विभेदन म्हणतात. स्थूलमानाने १९८० नंतरच्या दोन दशकांतील खेळ एखाद-दोन ठरावीक रिझोल्यूशनांसाठीच रचलेले असत. असा खेळ आजच्या मॉनिटरवर मूळ प्रमाणात, स्वच्छ व वाचता येईल असा दिसावा यासाठी जी व्यवस्था करावी लागते, तिला येथे रिझोल्यूशन-जुळवणी म्हटले आहे.

अडचणीचे मूळ पडद्याच्या रचनेत आहे. जुन्या काचनळीच्या (सीआरटी) मॉनिटरला स्वतःचे असे एकच रिझोल्यूशन नसे. इलेक्ट्रॉन शलाका आलेल्या संकेताप्रमाणे कमीअधिक रेषा काढी आणि ३२०×२०० असो की ८००×६००, चित्र त्याच ४:३ प्रमाणाच्या काचेवर पसरे. एलसीडी पडद्यावरील बिंदूंची संख्या मात्र कारखान्यातच ठरलेली असते, उदाहरणार्थ १९२०×१०८०, आणि त्याहून वेगळे कोणतेही चित्र गणिताने मोठे किंवा लहान करूनच त्यावर बसवावे लागते. त्यातच पडद्याचे प्रमाण ४:३ वरून १६:९ झाल्याने, काळजी न घेतल्यास चित्र आडवे ताणले जाऊन माणसे ठेंगणी व चाके लंबगोल दिसतात.

डॉस या विंडोजपूर्वीच्या संचालन प्रणालीच्या काळातील बहुसंख्य खेळांचे ३२०×२०० हे रिझोल्यूशन कोठून आले, याविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार ते स्मृतीच्या मर्यादेतून आले. आयबीएमच्या १९८१ मधील सीजीए या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या कार्डावर १६ किलोबाइट, म्हणजे १६,३८४ बाइट स्मृती होती. चार रंगांच्या ३२०×२०० चित्राला १६,००० बाइट लागतात, तर २४० ओळींच्या चित्राला १९,२०० बाइट लागले असते. दुसरे मत दूरचित्रवाणीच्या संकेताकडे बोट दाखवते. अमेरिकी पद्धतीत एका क्षेत्रात (एका वेळी काढल्या जाणाऱ्या अर्ध्या चित्रात) सुमारे २६२ रेषा असतात आणि काठावरचा भाग घरगुती संचाच्या चौकटीआड जात असल्याने खात्रीने दिसणाऱ्या रेषा दोनशेच्या आसपास उरतात. त्यांत ८×८ बिंदूंच्या अक्षरांच्या पंचवीस ओळी बसतात. १९८२ च्या कमोडोर ६४ या संगणकाची स्मृतिरचना अगदी निराळी असूनही त्याचे रिझोल्यूशन हेच होते, ही गोष्ट दुसऱ्या मताला अधिक बळ देते. स्मृतीच्या हिशेबाने सीजीएपुरती त्यावर शिक्कामोर्तब केली, असे मानणे बहुधा योग्य ठरेल. पुढे १९८७ मध्ये व्हीजीए हे आयबीएमचेच पुढचे ग्राफिक्स मानक आले, तेव्हा २५६ रंगांच्या प्रकारातही (तेरा-एच या नावाने तो ओळखला जातो) हेच आकडे राहिले. त्याचे चित्र ६४,००० बाइटचे असल्याने ते ६५,५३६ बाइटच्या एकाच स्मृतिखंडात मावे आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम फार सोपे होई. ६४०×४८० चा पर्याय हाताशी असतानाही ३२०×२०० इतकी वर्षे टिकले, याला हे एक मोठे कारण होय.

या आकड्यांचा परिणाम बिंदूच्या आकारावर होतो. ३२०×२०० चे प्रमाण ८:५ आहे, पण ते चित्र ४:३ च्या काचेवर पूर्ण पसरे. म्हणून त्यातील प्रत्येक बिंदू चौरस नसून रुंदीच्या १.२ पट उंच असे. शाळेच्या संगणक प्रयोगशाळेत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ किंवा ‘डेंजरस डेव्ह’ खेळलेल्या वाचकांनी हेच उंच बिंदू पाहिलेले आहेत. आधुनिक पडद्यावर चौरस बिंदू धरून तेच चित्र दाखवले, तर ते सुमारे एकषष्ठांशाने बुटके होते.

चित्रकारांच्या मनात कोणते प्रमाण होते, हा अधिक वादाचा प्रश्न आहे. खेळातील चंद्र, चाके, घड्याळाच्या तबकड्या मोजून पाहिल्यास काही ४:३ मध्ये ताणल्यावर वर्तुळाकार होतात, तर काही मुळातच चौरस बिंदूंवर वर्तुळाकार असतात. क्वचित एकाच खेळात दोन्ही प्रकार सापडतात. युरोपात अमिगा संगणकासाठी रचून नंतर डॉसवर आणलेल्या खेळांत दुसरा प्रकार अपेक्षितच आहे, कारण तेथील पाल या दूरचित्रवाणी संकेतात बिंदू जवळजवळ चौरस असत. असे खेळ वगळता ४:३ हेच प्रमाण स्वीकारणे अधिक सयुक्तिक वाटते. चित्रकाराने कागदावर काहीही योजले असले, तरी तो स्वतः आपले काम ४:३ च्या काचेवरच तपासत होता आणि खेळणाऱ्यानेही ते तसेच पाहिले. १९९३ च्या ‘डूम’ या खेळाचा मूळ प्रोग्राम १९९७ मध्ये खुला झाला. त्यावर आधारलेली, मूळ स्वरूप जपण्यासाठी बेतलेली ‘चॉकलेट डूम’ ही आवृत्तीही चित्र ४:३ मध्येच ताणते. ‘डॉसबॉक्स’ या २००२ पासूनच्या, डॉसचे खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या अनुकरण-प्रोग्रामच्या रचना-फाइलीत ‘ॲस्पेक्ट’ नावाची नोंद याचसाठी आहे. दीर्घकाळ वापरात असलेल्या ०.७४ या आवृत्तीत ती मुळात बंद असते, त्यामुळे अनेकांनी आपले आवडते खेळ नकळत बुटक्या रूपातच पुन्हा खेळले आहेत. ही नोंद सुरू करणे ही या साऱ्या जुळवणीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची पायरी आहे.

योग्य प्रमाण आणि स्वच्छ कडा या दोन्ही गोष्टी एकदम साधणे मात्र अवघड असते. रुंदी पाचपट व उंची सहापट केली, तर ३२०×२०० चे नेमके १६००×१२०० होतात. हे चित्र १९२०×१२०० च्या पडद्यावर बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून अचूक बसते. १९२०×१०८० वर मात्र पूर्ण उंचीचे ४:३ चित्र १४४०×१०८० चे असते, म्हणजे रुंदी ४.५ पट आणि उंची ५.४ पट. अशा वेळी जवळचा बिंदू उचलून चित्र वाढवल्यास काही स्तंभ चार तर काही पाच बिंदूंचे होतात आणि दृश्य सरकताना लहरत असल्याचा भास होतो. शेजारच्या बिंदूंची सरासरी घेणाऱ्या अंतर्वेशनाने हा दोष जातो, पण सारे चित्र धूसर होते. चित्र आधी १६००×१२०० पर्यंत पूर्णांकी पटीने वाढवायचे व मग हलक्या अंतर्वेशनाने १४४०×१०८० पर्यंत लहान करायचे, ही मध्यम वाट त्यावर चांगली ठरते. ३८४०×२१६० च्या पडद्यावर एका मूळ बिंदूच्या वाट्याला उभे दहा किंवा अकरा बिंदू येतात आणि तो फरक डोळ्यांना जाणवत नाही. २०१९ मध्ये इंटेल व एनव्हिडिया यांनी आपल्या नव्या ग्राफिक्स चिपांसाठी पूर्णांकी वर्धनाची सोय दिली. ती स्वागतार्ह आहे, परंतु ती दोन्ही दिशांना एकच पट लावते. त्यामुळे ६४०×४८० च्या खेळांना ती उपयोगी पडते, तर ३२०×२०० चे चित्र १६००×१००० असे चुकीच्या प्रमाणात येते.

विंडोज काळातील खेळांत ६४०×४८०, ८००×६०० व १०२४×७६८ ही चौरस बिंदूंची रिझोल्यूशने रूढ झाली. येथे प्रश्न प्रमाणापेक्षा व्याप्तीचा असतो. वरून दिसणाऱ्या द्विमितीय खेळात रिझोल्यूशन वाढवले की आकृत्या मोठ्या होत नाहीत, नकाशाचा अधिक भाग दिसू लागतो आणि अक्षरे बारीक होतात. ‘डायब्लो २’ मूळ ६४०×४८० चा होता आणि २००१ च्या विस्तारात त्याला ८००×६०० मिळाले. त्यापुढे जाणाऱ्या हौशी दुरुस्त्यांत शत्रू फार लांबून दिसतो आणि खेळाचा तोल बदलतो. म्हणून डीजीव्हूडू किंवा सीएनसी-डीड्रॉ यांसारखे मध्यस्थ प्रोग्राम वापरून मूळ दृश्यच मोठे करणे अधिक प्रामाणिक ठरते.

त्रिमितीय खेळांत चित्र दर क्षणी नव्याने रेखाटले जात असल्याने त्यांना मोठे रिझोल्यूशन सहज मानवते, पण दृश्यकोन, म्हणजे एका वेळी किती रुंद दृश्य दिसते तो कोन, सांभाळावा लागतो. ४:३ वरील ९०° आडव्या कोनाइतकीच उभी व्याप्ती १६:९ वर राखायची, तर आडवा कोन सुमारे १०६° हवा. तो ९०° वरच ठेवल्यास दृश्य वरून व खालून कापले जाते. पडद्यावरील अक्षरे व चिन्हे मोठी करणारी विंडोजची मापन-सोय (१२५ किंवा १५० टक्के) सुरू असताना काही जुन्या खेळांत चित्र पडद्याबाहेर जाते किंवा माउसचा बाण भलतीकडे उमटतो. त्या खेळाच्या फाइलीच्या सुसंगततेच्या पर्यायांत जाऊन हे मापन खेळावरच सोपवले, म्हणजे बहुतेक वेळा ते दोन्ही दोष दूर होतात.