इज्तिहाद

इज्तिहाद : कुराण आणि हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) यांत एखाद्या प्रश्नाचे थेट उत्तर मिळत नसेल, तेव्हा त्यांच्याच आधाराने बुद्धी खर्ची घालून निर्णय काढण्याची इस्लामी धर्मशास्त्रातील रीत. शब्दाच्या मुळाशी ‘कष्ट घेणे, शिकस्त करणे’ हा अर्थ आहे. ‘जिहाद’ हा शब्दही त्याच अरबी धातूचा, मात्र बातम्यांमुळे तोच घरोघर पोचला. इज्तिहाद करणाऱ्याला मुज्तहिद म्हणतात. स्वतः निर्णय न काढता आधीच्या इमामांच्या, म्हणजे थोर धर्मशास्त्र्यांच्या, मताप्रमाणे चालणे म्हणजे तक्लीद.

या रीतीला आधार म्हणून एक हदीस नेहमी सांगितली जाते. मुआज इब्न जबल यांना येमेनला पाठवताना पैगंबरांनी विचारले, निवाडा कशाने करशील? कुराणाने. त्यात नाही सापडले तर? पैगंबरांच्या सुन्नतीने, म्हणजे त्यांच्या वागण्याच्या रीतीने. तिथेही नसेल तर? मग माझी बुद्धी पणाला लावीन. हे उत्तर पैगंबरांना आवडले. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. तिच्या निवेदकांची साखळी कच्ची आहे, असे काही जुने हदीसपंडितच सांगतात.

हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली हे सुन्नी धर्मशास्त्राचे चार पंथ स्थिरावल्यावर ‘इज्तिहादचा दरवाजा बंद झाला’ असे म्हणण्याची पद्धत पडली. इस्लामी कायद्याचे अभ्यासक वाएल हल्लाक यांनी १९८४ मध्ये या समजुतीला आव्हान दिले : मुज्तहिद नंतरच्या शतकांतही होतच राहिले. शिया परंपरेत तर हा दरवाजा बंद झाल्याचे सहसा मानले जात नाही. प्रत्यक्षात भांडण दरवाजापेक्षा किल्लीचे आहे. ती उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) हाती असावी, सरकारच्या, न्यायालयाच्या, की कुराण वाचणाऱ्या कोणाच्याही?

भारतातले एक उदाहरण इथे सविस्तर पाहण्यासारखे आहे. हनफी मतानुसार नवरा परागंदा झाला, तर त्याच्या वयाची माणसे हयात असण्याची शक्यता संपेपर्यंत बायकोने वाट पाहायची, म्हणजे जवळजवळ जन्मभर. बायकोने इस्लाम सोडला की निकाह तुटतो, हेही त्याच मतात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातल्या काही स्त्रियांनी सुटकेसाठी हीच वाट धरली. तेव्हा देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी हिजाजमधल्या (मक्का-मदिनेच्या प्रदेशातल्या) मालिकी मुफ्तींची, म्हणजे धार्मिक निर्णय देणाऱ्या पंडितांची, मते मागवली आणि तिशीच्या दशकात पुस्तक लिहून मालिकी नियम हनफींनाही चालेल असे ठरवले. मालिकी मतात परागंदा नवऱ्यासाठी मुदत चार वर्षांची. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पहिलेच कारण आहे ते हे : नवऱ्याचा ठावठिकाणा चार वर्षे लागलेला नसणे. आणि केवळ धर्म सोडल्याने बायकोचा निकाह तुटणार नाही, असेही कलम त्यात आले. थानवी स्वतःला मुज्तहिद म्हणवून घेणारे नव्हते. परंपरेतली एक ओळ सोडून त्यांनी परंपरेतलीच दुसरी उचलली. अशा खटल्यांचा न्यायाधीश मुस्लिमच असावा ही उलेमांची मागणी मात्र कायद्यात टिकली नाही. सवलत त्यांच्या विचारातून आली, अंमल इंग्रजी कोर्टाकडे गेला.

दुसरे उदाहरण बहुपत्नीत्वाचे. कुराणाच्या चौथ्या सूरेतील (अध्यायातील) तिसरी आयत (वचन) चार बायकांपर्यंत मुभा देते, पण न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच करा, असे लगेच बजावते. तिचा संदर्भ अनाथ मुलींचा आहे. याच सूरेतील १२९ वी आयत म्हणते की, कितीही मनात आणले तरी बायकांना सारखे वागवणे तुम्हाला जमणार नाही. निदान एकीकडे पुरते झुकून दुसरीला अधांतरी लटकत ठेवू नका. जुने भाष्यकार पहिल्या आयतीतला न्याय खर्च आणि प्रत्येकीकडे राहण्याची पाळी यांपुरता धरतात, दुसऱ्या आयतीतला मनाच्या ओढीचा. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह (१८४९–१९०५) यांनी बहुपत्नीत्वाला आळा घालता येतो, असे मांडले. ट्युनिशियाने १९५६ मध्ये ते कायद्याने बंदच केले. मोरोक्कोच्या २००४ च्या कायद्याच्या प्रास्ताविकात या दोन्ही आयती आहेत, पण तिथे न्यायाधीशाच्या परवानगीने दुसरी बायको करता येते. शब्द तेच, निकाल वेगळे.

ही विसंगती पद्धतशीर सोडवण्याचा प्रयत्न पाकिस्तानातून अमेरिकेत गेलेले फजलुर रहमान यांनी केला. आधी आयत ज्या परिस्थितीत उतरली तिथे जायचे, तिच्यामागचे नैतिक तत्त्व शोधायचे, आणि ते घेऊन आजच्या परिस्थितीत परत यायचे. आमिना वदूद यांच्यासारख्या स्त्री अभ्यासकांनी ही वाट स्त्रीपुरुष समतेपर्यंत नेली. २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्त्रीपुरुषांच्या एकत्र नमाजाची इमामत (नेतृत्व) केली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. सगळ्यांचे गदारोळावर भागले नाही : सुदानचे सुधारक विचारवंत महमूद मुहम्मद ताहा यांना जानेवारी १९८५ मध्ये धर्मत्यागाच्या आरोपाखाली फाशी देण्यात आली.

महाराष्ट्रात या विचाराची परंपरा चांगली रुजलेली आहे. माथेरानला जन्मलेले कायदेपंडित आसफ अली असगर फैजी (१८९९–१९८१) यांनी धर्म आणि कायदा वेगळे काढावेत असे मांडले. मुंबई महापालिकेत अभियंता म्हणून नोकरी केलेले असगर अली इंजिनियर (१९३९–२०१३) कायमची तत्त्वे सांगणाऱ्या आणि प्रसंगापुरत्या आयती असा फरक करत. पुरुष स्त्रीचा ‘कव्वाम’ (सांभाळ करणारा) आहे या आयतीचा अर्थ त्यांनी कमावत्याच्या जबाबदारीशी जोडला, श्रेष्ठपणाशी नव्हे. हमीद दलवाई (१९३२–७७) यांना मात्र इज्तिहादवाद्यांत बसवणे चूक. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणाऱ्या दलवाईंचा आग्रह होता की हक्क नागरिक म्हणून मागायचे. त्यासाठी आयत शोधत बसायचे नाही.

आता किल्ली न्यायालयाच्या हातीही दिसते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोंडी तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ मतांनी अवैध ठरवला. त्या तिघांपैकी न्या. कुरियन जोसेफ यांनी राज्यघटनेपेक्षा कुराणाचाच आधार प्रमुख मानला. त्याआधी, ऑगस्ट २०१६ मध्ये, हाजी अली दर्ग्याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे विश्वस्तांनी कुराण-हदीसचे दाखले देत स्त्रियांनी मजारीजवळ (संताच्या कबरीजवळ) येणे इस्लाममध्ये पाप असल्याचे सांगितले. या दाखल्यांतून तसे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय २०११-१२ पर्यंत स्त्रिया तिथे जातच होत्या.