ऊर्जाक्षेत्रातील हरितगृह वायू : भारत–बांगलादेश तुलना

इंधन जाळल्यामुळे आणि ते काढताना-वाहताना होणाऱ्या गळतीमुळे दोन शेजारी देशांतून किती हरितगृह वायू हवेत जातात, याचा ताळा. वीजकेंद्रे, कारखान्यांचे बॉयलर, वाहने, घरचा गॅस, खाणींतून व वायुवाहिन्यांतून निसटणारा मिथेन हे सारे यात येते. सिमेंटच्या भट्टीतला कोळसाही येतो. चुनखडी भाजताना तिच्यातून सुटणारा कार्बन डायॉक्साइड मात्र उद्योगप्रक्रियांच्या खात्यात जातो.

मूळ नियम एवढाच, की धूर जिथे निघतो तिथे नोंद. महाराष्ट्राच्या वीजप्रवाहावर देखरेख ठेवणारे भार प्रेषण केंद्र नवी मुंबईत, ऐरोलीला आहे. तिथल्या पडद्यावर चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे कोळसा-केंद्र आणि महापे-रबाळ्याची डेटा सेंटरे एकाच जाळ्यात दिसतात. डेटा सेंटरची वीज ठाणे जिल्ह्यात वापरली जाते, कोळसा जळतो चंद्रपुरात. शहरे आपला हिशेब मांडताना विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन वेगळ्या रकान्यात दाखवतात. देशांच्या उत्सर्जन-यादीत असा रकानाच नसतो, आणि तुलना इथेच फसवी होते.

भारताच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२० साली देशाचे एकूण उत्सर्जन (जंगल व जमीनवापर वगळून) सुमारे २९६ कोटी टन कार्बन डायॉक्साइड-समतुल्य (सर्व वायू त्यांच्या तापवण्याच्या क्षमतेनुसार कार्बन डायॉक्साइडच्या मापात मोजून) होते. त्यात ऊर्जाक्षेत्राचा वाटा ७५.६६ टक्के. बांगलादेशाच्या २०२१ च्या हवामान आराखड्यात आधारवर्ष २०१२ आहे : एकूण १६.९ कोटी टन, पैकी ऊर्जा ९.३ कोटी, म्हणजे ५५ टक्के. दरडोई काढल्यास भारताचे ऊर्जाक्षेत्र सुमारे १.६ टन, बांगलादेशाचे ०.६ टन. दोन्ही आकड्यांत आठ वर्षांचे अंतर असल्याने हे आकडे शेजारीशेजारी मांडणे थोडे अन्यायाचेच. त्यातही २०२० हे टाळेबंदीचे वर्ष.

फरकाचे मुख्य कारण इंधन. भारताची वीज प्रामुख्याने कोळशाची. बांगलादेशाने दीर्घकाळ तितास, बिबियाना अशा स्वतःच्या वायुक्षेत्रांवर भिस्त ठेवली. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायॉक्साइड निघतो, आधुनिक वायू-केंद्रात त्याच्या निम्म्याहून कमी. पण वायूची ही स्वच्छता गळक्या नळांत वाया जाऊ शकते, कारण शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. शिवाय देशातला वायू पुरेनासा झाल्यावर बांगलादेशाने २०१८ पासून द्रवरूप वायू आयात केला, आणि पायरा (२०२०), रामपाल (२०२२) ही प्रत्येकी १,३२० मेगावॅटची कोळसा-केंद्रे सुरू केली. त्यामुळे २०१२ ची बेरीज आजचे चित्र दाखवत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण झारखंडमधील गोड्डा. २०२३ पासून चालणारे हे १,६०० मेगावॅटचे केंद्र बांगलादेशाला वीज पुरवण्यासाठीच उभारले गेले आणि सुरुवातीला भारताच्या ग्रीडला न जोडता थेट पलीकडच्या ग्रीडला जोडले होते. कोळसा आयातीचा, दिवे बांगलादेशातले, धूर मात्र भारताच्या वहीत. चंद्रपूर आणि महापे-रबाळ्याचेच हे नाते, फक्त मध्ये सरहद्द आली. भूतानची जलविद्युत भारतात येते तेव्हा उलटे घडते : न जळलेल्या कोळशाचा लाभ भारताच्या बेरजेत दिसतो, भूतानच्या नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॅट जलविद्युत भारताच्या तारांतून प्रथमच बांगलादेशात पोहोचली. या विजेच्या निर्मितीत कोळसाही जळत नाही आणि वायूही, त्यामुळे इंधनज्वलनाच्या रकान्यात तिन्ही देशांकडे तिची नोंद शून्य.