योशिओ शिराई : जपानचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन बॉक्सर

योशिओ शिराई (जन्म २३ नोव्हेंबर १९२३, टोकियो, मृत्यू २६ डिसेंबर २००३) हा जपानचा पहिला जगज्जेता बॉक्सर. वजनगट फ्लायवेट, म्हणजे ११२ पौंडांच्या आतला, किलोत सांगायचं तर ५०.८. १९ मे १९५२ ते २६ नोव्हेंबर १९५४ अशी अडीच वर्षं जगाचं टायटल त्याच्याकडे होतं. आजच्यासारखे चार संघटनांचे चार बेल्ट आणि सतरा वजनगट असा प्रकार तेव्हा नव्हता, मुख्य गट आठच आणि एका गटाला साधारण एकच चॅम्पियन, त्यामुळे त्या काळात वर्ल्ड चॅम्पियन होणं म्हणजे काय हे नीट डोक्यात ठेवून पुढचं वाचावं. आज नाओया इनोउए या जपानी चॅम्पियनमुळे जपानी बॉक्सिंग आपल्याकडच्या पोरांनाही माहीत आहे, पण ही सगळी रांग जिथून सुरू होते तो माणूस शिराई.

त्याचं करिअर सांगताना लोक हरलेल्या देशाला उभारी देणारा हिरो असं सांगतात आणि ते खरंच आहे, पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की एक जवळजवळ मोडीत निघालेलं शरीर एका बाहेरच्या माणसाने खाऊ घालून, विश्रांती देऊन आणि मार चुकवायला शिकवून पुन्हा उभं केलं. त्या काळच्या जपानी बॉक्सिंगमध्ये मार चुकवणं ही काही फार कौतुकाची गोष्ट नव्हती.

आधीचं जपानी बॉक्सिंग

जपानमध्ये बॉक्सिंगची पद्धतशीर सुरुवात युजिरो वातानाबेने केली. अमेरिकेत शिकून आला आणि १९२१ मध्ये टोकियोत क्लब काढला. तीसच्या दशकात सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे पिस्टन होरिगुची, नावातच सगळं आलं, पिस्टनसारखे दोन्ही हात चालू ठेवायचे, पुढे पुढे जात राहायचं, चार खायचे आणि सहा द्यायचे. पब्लिकला हे प्रचंड आवडायचं. जो मागे सरतो तो भित्रा अशीच समजूत होती, आणि छोट्या हॉलमध्ये दोघंही तसेच लढणारे असले की ते चालूनही जायचं, पण चांगला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारणारा परदेशी खेळाडू समोर आला की पुढे घुसणाऱ्याचा चेहराच आधी सुजायचा.

शिराई या सगळ्यात उठून दिसावा असा होता कारण तो त्याच्या वजनाच्या मानाने उंच, हातपाय लांब, अंगाने काटकुळा. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये, ऐन युद्धात, तो प्रोफेशनल झाला आणि सुरुवातीच्या फाईट जिंकत गेला. मग नौदलात भरती. युद्ध संपलं तेव्हा टोकियो जळून गेलेलं, धान्य रेशनवर आणि तेही पुरेसं नाही, बाकी सगळं काळ्या बाजारात, आणि याची कंबर कायमची धरलेली. ५० किलोच्या बॉक्सरला वजन कमी करायची चिंता असते, याला पोट भरायची होती. परत रिंगमध्ये उतरला खरा पण जिंकायच्या फाईट हरायला लागला आणि वयाच्या पंचविशीच्या आतच लोक म्हणायला लागले की हा संपला.

डॉ. कान

१९४८ मध्ये जिममध्ये त्याचा सराव बघायला एक अमेरिकन गृहस्थ येऊन बसायला लागले. डॉ. अल्विन कान, पन्नाशी उलटलेले, व्यवसायाने प्राणिशास्त्रज्ञ, मासे आणि कासवं हा मूळ विषय, आधी इलिनॉय विद्यापीठात शिकवलेलं. जपानवर तेव्हा दोस्त राष्ट्रांचा ताबा होता, जनरल मॅकआर्थरच्या मुख्यालयात नैसर्गिक साधनसंपत्तीचा एक विभाग होता आणि डॉ. कान त्यात मासेमारीचं काम बघत होते, जपानमधल्या मोत्यांच्या शेतीवर त्यांनी रिपोर्टही लिहिलेला आहे. बॉक्सिंग कोच म्हणून पोट भरणारा हा माणूस नव्हताच. पण सजीवांच्या हालचाली बघण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे जिममधल्या सगळ्या घामाघूम गर्दीत त्यांना शिराईचं टायमिंग दिसलं. समोरचा पुढे आला की बरोबर त्याच क्षणी याचा हात सुटायचा, ना आधी ना नंतर.

त्यांनी शिराईला हातात घेतलं. पहिली गोष्ट म्हणजे खाणं. मांस, अंडी, दूध, ज्या वस्तू टोकियोतल्या सामान्य माणसाला दिसतही नव्हत्या त्या अमेरिकन नोकरीमुळे कानना मिळायच्या, त्या ते शिराईला खायला घालायचे. मग झोप, मग कंबर, आणि त्यानंतर बॉक्सिंग. शिकवलं ते अगदी बेसिक, आणि तेच तेच. डावा हात लांब पुढे, त्याचा जॅब सतत समोरच्याच्या तोंडावर. समोरचा आत घुसायला लागला की अर्धं पाऊल मागे, फार नाही, त्याचा ठोसा नाकासमोरून हवेत जाईल एवढंच. तो रिकामा गेला की त्याचं वजन पुढे झुकलेलं असतं आणि हनुवटी उघडी, त्या क्षणी सरळ उजवा. कागदावर वाचायला हे सोपं आहे पण थकलेल्या पायांनी पंधराव्या राऊंडला तेच अर्धं पाऊल मागे घ्यायचं, पाऊण नाही आणि पाव नाही, यासाठी वर्षं जातात.

विचार करा, तीन वर्षांपूर्वी ज्या देशाने या शहरावर बॉम्ब टाकले त्या देशाच्या माणसाच्या हातात आपलं करिअर द्यायचं. आणि कानच्या बाजूनेही तेवढंच अवघड, आपल्याच ऑफिसातल्या लोकांना काय वाटेल वगैरे. दोघांनी ते केलं आणि रिझल्ट लगेच दिसला. १९४९ च्या सुरुवातीला शिराई जपानचा फ्लायवेट चॅम्पियन झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी वरच्या गटाचं, बॅन्टमवेटचंही राष्ट्रीय टायटल त्याने घेतलं.

मारिनोबरोबरच्या चार फाईट

जगाचं टायटल तेव्हा दादो मारिनोकडे होतं. हा हवाईचा, मूळ फिलिपिनो घराण्यातला, ऑगस्ट १९५० मध्ये होनोलुलूत ब्रिटनच्या टेरी ॲलनला हरवून चॅम्पियन झालेला, आणि नातवंडं असलेला चॅम्पियन म्हणून प्रसिद्ध. त्याचा मॅनेजर सॅम इचिनोसे, हवाईतला जपानी वंशाचा. म्हणजे अमेरिकन चॅम्पियनच्या कोपऱ्यात जपानी रक्ताचा माणूस आणि जपानी चॅलेंजरच्या कोपऱ्यात अमेरिकन प्रोफेसर.

पहिली गाठ मे १९५१ मध्ये टोकियोत पडली, दहा राऊंडची, टायटल पणाला नव्हतं, आणि शिराई थोडक्यात हरला. हरला पण चॅम्पियनबरोबर दहा राऊंड बरोबरीने उभा राहिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मारिनोच्या घरच्या मैदानावर, होनोलुलूत, शिराईने त्याला सातव्या राऊंडमध्ये थांबवलं, म्हणजे पुढे लढता येणार नाही असं केलं. मला विचाराल तर त्याच्या करिअरमधली सगळ्यात महत्त्वाची फाईट हीच, कारण इथून पुढे त्याला टायटलची संधी नाकारणं कोणाला शक्यच नव्हतं.

पण अडचण वेगळीच होती. वर्ल्ड टायटलची फाईट भरवायची तर देशात बॉक्सिंगचं नियमन करणारी अधिकृत संस्था पाहिजे आणि जपानमध्ये ती नव्हतीच. म्हणून एप्रिल १९५२ मध्ये जपान बॉक्सिंग कमिशन स्थापन झालं, ते आजही चालू आहे. त्याच महिन्यात, २८ एप्रिलला, सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता करार लागू होऊन परकी ताबा संपला आणि जपान पुन्हा स्वतंत्र झाला. आणि तीन आठवड्यांनी, १९ मे १९५२ ला, टोकियोतल्या कोराकुएनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये मैदानात रिंग बांधून ही फाईट झाली. साधारण ४०,००० लोक बघायला आले होते.

फाईटच्या आधी डॉ. कान शिराईला सांगायचे की ही फाईट स्वतःसाठी लढू नकोस, युद्धात लोकांचा जो आत्मविश्वास गेलाय तो परत आणण्यासाठी लढ. पंधरा राऊंड झाले. मारिनो अनुभवी, डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, कोणालाही हलवू शकणारा, आणि मधल्या राऊंडमध्ये त्याने शिराईला चांगलंच हलवलंही, पण शिराई सावरला, पुन्हा लांब डावा, अर्धं पाऊल मागे, सरळ उजवा, आणि शेवटचे राऊंड त्याने हातातून जाऊ दिले नाहीत. गुणांवर शिराई जिंकला. जपानला पहिला वर्ल्ड चॅम्पियन मिळाला, वय २८.

इथे आपल्याशी जोडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि त्याच बॅन्टमवेट गटात गोल्ड घेतलं जपानच्या शोहाची इशिईने. खाशाबा त्याच्याशी हरले होते. त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं ते एकमेव गोल्ड. म्हणजे मेमध्ये शिराई आणि जुलैमध्ये इशिई, दोघंही हलक्या वजनाचे.

टायटल राखणं आणि पेरेझ

नोव्हेंबर १९५२ मध्ये मारिनोला पुन्हा संधी दिली, शिराई पुन्हा जिंकला, मारिनोची ती शेवटची फाईट ठरली. १९५३ मध्ये फिलिपिन्सचा टॅनी काम्पो आणि मग माजी चॅम्पियन टेरी ॲलन, मे १९५४ मध्ये फिलिपिन्सचाच लिओ एस्पिनोसा. चारही फाईट टोकियोत, चारही पंधरा राऊंड आणि चारही गुणांवर. नॉकआऊट हवे असणाऱ्यांना हे रटाळ वाटेल पण चार वेळा पंधरा-पंधरा राऊंड समोरच्याला आपल्या अंतरावर ठेवणं ही कारागिरी आहे आणि त्या दुखऱ्या कंबरेने केलेली आहे हे विसरू नये.

मग आला अर्जेंटिनाचा पास्कुआल पेरेझ. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा गोल्ड मेडलिस्ट, उंची पाच फुटांच्या आत, पण हातात दणका असा की वरच्या गटातले लोक दचकावेत. जुलै १९५४ मध्ये शिराई ब्युनोस आयरिसला जाऊन त्याच्याशी दहा राऊंड लढला, टायटल पणाला नव्हतं, फाईट ड्रॉ झाली. २६ नोव्हेंबर १९५४ ला टोकियोत टायटलसाठी समोरासमोर आले. शिराईला तीनच दिवसांपूर्वी ३१ वर्षं पूर्ण झालेली, फ्लायवेटसाठी हे वय म्हातारपणच. जी उंची इतकी वर्षं त्याचं हत्यार होती तीच आता अडचण झाली, कारण पेरेझ जॅबच्या खालून वाकून आत शिरायचा आणि अर्धं पाऊल मागे घेऊन भागेना, दोन पावलं लागायला लागली. पंधरा राऊंडनंतर निकाल पेरेझचा. अर्जेंटिनाचा तो पहिला वर्ल्ड चॅम्पियन.

परतीची लढत ३० मे १९५५ ला पुन्हा टोकियोत झाली. टीव्ही सुरू होऊन जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती, घरोघरी सेट नव्हते, लोक चौकात आणि स्टेशनबाहेर लावलेल्या सेटसमोर उभे राहून बघायचे. डेन्त्सू या जाहिरात कंपनीच्या मोजणीत त्या फाईटची व्ह्यूअरशिप ९६.१ टक्के निघाली. पाचव्या राऊंडला पेरेझने त्याला नॉकआऊट केलं आणि शिराईने ग्लोव्हज उतरवले.

हेच टायटल पेरेझने १९६० पर्यंत सांभाळलं, मग ते थायलंडच्या पोने किंगपेचकडे गेलं, आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये १९ वर्षांच्या फायटिंग हाराडाने टोकियोत पोनेला अकराव्या राऊंडमध्ये नॉकआऊट करून ते जपानला परत आणलं. हाराडा मात्र पुढे घुसणारा, जुन्या होरिगुचीच्या वळणाचा.

नंतरचं आयुष्य

डॉ. कान सरकारी काम संपल्यावरही अमेरिकेला कायमचे परतले नाहीत. ते शिराई आणि त्याच्या बायकोबरोबर घरच्यासारखे राहिले आणि उतारवयात त्यांचं सगळं या दोघांनीच केलं. १९७१ मध्ये कान वारले. ज्याला एकेकाळी त्यांनी अंडी आणि दूध आणून खायला घातलं त्याच्याच घरी शेवटची वर्षं गेली.

शिराई पुढे बॉक्सिंगवर समालोचन आणि लेखन करत राहिला. १९९५ मध्ये ओकिनावाचा योको गुशिकेन, ज्याने लाइट फ्लायवेटचं, म्हणजे फ्लायवेटच्या खालच्या गटाचं, टायटल तब्बल १३ वेळा राखलं होतं, त्याच्याबरोबर टोकियोत जिम काढली आणि तिला दोघांचीही नावं दिली, शिराई-गुशिकेन स्पोर्ट्स जिम. कोराकुएनचं ते जुनं स्टेडियम आता राहिलेलं नाही, १९८८ मध्ये त्याच्या शेजारीच टोकियो डोम उभा राहिला. १९ मे ही तारीख जपानमध्ये २०१० पासून बॉक्सिंग खेळाचा दिवस म्हणून पाळतात.